मातृदेव कोणी व्हावयाचे?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतील अकराव्या अनुवाकात, वेदाध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आहे. सत्य, धर्म आणि स्वाध्याय यांची आठवण दिल्यावर आचार्य त्याला माता, पिता, आचार्य व अतिथी यांना देव मानावयास सांगतात. शाळेच्या भिंतीपासून सत्काराच्या व्यासपीठापर्यंत हे वचन सर्वत्र भेटते. मात्र त्याचा अर्थ बहुधा अर्धाच घेतला जातो.

‘मातृदेव’ हा बहुव्रीहि समास आहे. माता हाच ज्याचा देव, तो मातृदेव. म्हणजे हे विशेषण मातेचे नव्हे, शिष्याचे आहे. आणि आज्ञार्थी क्रियापद द्वितीय पुरुषी एकवचनी आहे. मातेची थोरवी गाणे हा या वचनाचा हेतू नाही. शिष्याने स्वतः तसे व्हावे, ही त्यातील आज्ञा आहे आणि ती दुसऱ्याकडे सोपविण्याची मुभा तेथे नाही.

व्यवहार मात्र निराळा आहे. मातृभक्तीचा लौकिक मुलाचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे औषधपाणी, पथ्य आणि रात्रीचे जागरण सुनेचे. दोघेही नोकरी करीत असली, तरी रजा टाकावयाची ती तिनेच. सेवा झाली तर मुलगा गुणी, चुकली तर सून वाईट! या वाटणीला उपनिषदात आधार नाही.

आधुनिक कायद्यातही तो नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या अधिनियमात ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सुनेचा उल्लेख नाही. त्यापूर्वी १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, स्वतंत्र उत्पन्न असलेल्या विवाहित कन्येवरही पित्याच्या निर्वाहाची जबाबदारी येते, असा निर्णय दिला होता. तथापि कायदा दरमहा रक्कम देववू शकतो, उशापाशी बसवू शकत नाही. द्यावयाचे ते श्रद्धेने आणि विनयाने द्यावे, असे तोच अनुवाक सांगतो, ते यासाठीच.

मग वडीलधाऱ्यांचा प्रत्येक शब्द झेलावयाचा काय? नाही. निर्दोष असतील तीच कर्मे करावीत, आमच्याही आचरणातील चांगले तेवढेच घ्यावे, असे आचार्य स्वतःसंबंधी बजावतात. तेव्हा हुंड्याचा हट्ट किंवा जातीबाहेरच्या विवाहाला विरोध मान्य करणे हे मातृभक्तीचे लक्षण ठरत नाही. सेवेत कसूर नसावी. आज्ञापालनात विवेक असावा.

नोकरीसाठी मुले दूर गेली, घरे लहान झाली, या अडचणी खऱ्या आहेत. भावाबहिणींनी खर्च वाटून घ्यावा, पाळ्या लावाव्यात, गरज पडल्यास पगारी मदतनीस ठेवावा. सुनेने आपुलकीने हात लावला तर ते तिचे औदार्य समजावे, आपला हक्क नव्हे. आईच्या औषधाची वेळ मुलाला तोंडपाठ असणे, ही या वचनाची पहिली परीक्षा होय.