संगणकाचा कायमचा क्रमांक आणि न विचारता होणारे त्याचे वाचन

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाल्यापासून चर्चा मोबाइल क्रमांक आणि संमतीपत्रे यांभोवतीच फिरत असून, नेटवर्क कार्डात कारखान्यातच नोंदवला जाणारा मॅक ॲड्रेस तिच्यातून जवळजवळ निसटला आहे. हा ४८ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीत बारा अंकाक्षरांचा क्रमांक असून, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून सहसा उत्पादक कंपनी कळते, तर उरलेला भाग त्या कंपनीने त्या विशिष्ट कार्डाला दिलेला असतो.

एकाच स्थानिक जाळ्यातील यंत्रांना परस्परांपर्यंत संदेश पोहोचवता यावा, एवढ्यासाठीच तो असल्याने त्याच्या गुप्ततेचा विचार मूळ रचनेत नव्हता. लिनक्समध्ये ‘सिस’ या आभासी फोल्डरात प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी ‘ॲड्रेस’ नावाची फाइल असते. ती कोणताही साधा वापरकर्ता उघडू शकतो आणि तीत एकच ओळ, दोन-दोन अंकाक्षरांच्या सहा जोड्यांची, आढळते. विंडोजवर ‘गेटमॅक’ ही आज्ञा तेच काम करते. प्रशासकीय अधिकार, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीत फेरफार करण्याची मुभा, लागतात ते हा क्रमांक बदलण्यासाठी, वाचण्यासाठी नव्हे. यंत्राची सुरक्षा एवढाच निकष धरला तर ही विभागणी योग्य ठरते, परंतु वाचनाने जे बिघडते ते यंत्राचे नव्हे, माणसाचे.

याचा पुरावा मार्च १९९९ मध्येच मिळाला होता. ऑफिस ९७ मध्ये तयार झालेल्या दस्तऐवजांत एक छुपी ओळखसंख्या असते आणि तीत लेखकाच्या संगणकाचा मॅक ॲड्रेस असतो, हे रिचर्ड स्मिथ या अमेरिकी प्रोग्रामरने त्या वेळी उघड केले. दोन ओळखसंख्या कधीही सारख्या निघू नयेत म्हणून वेळ आणि मॅक ॲड्रेस यांची सांगड घालण्याची ती युक्ती तांत्रिकदृष्ट्या सुबकच होती. मात्र नाव न घालता लिहिणाऱ्याचे यंत्र तिने उघडे पाडले आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली.

मोबाइलच्या जगाने त्यातून बोध घेतला. २०१३ च्या आयओएस ७ पासून आणि २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपने विचारणा केल्यास प्रत्येक फोन ०२ आणि पुढे शून्ये असे एकच ठरीव उत्तर देऊ लागला. तरीही अँड्रॉइडमधील पळवाटेने टिकटॉक नोव्हेंबर २०१९ पर्यंत हा क्रमांक गोळा करत होते, असे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ऑगस्ट २०२० मध्ये दिले.

संगणकावर मात्र असे बंधन आजही नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक, अशी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याची व्याख्या असल्याने, लॉगिनशी जोडला गेलेला मॅक ॲड्रेस तीत बसायलाच हवा. परवाने तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची त्यामुळे अडचण होईल, हा आक्षेप टिकणारा नाही. प्रशासकाला सहज बदलता येणारा क्रमांक परवान्याचे कुलूप म्हणून मुळातच कच्चा आहे, आणि प्रत्येक ॲपने स्वतःपुरता यादृच्छिक क्रमांक निर्माण करून जपला, तर यंत्र ओळखण्याचे बरेचसे काम मॅक ॲड्रेसला हातही न लावता होते.