पित्तनलिकांची वेगळी रचना: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी काय जाणून घ्यावे?

एमआरसीपीच्या रिपोर्टमध्ये ‘पित्तनलिकांची रचना नेहमीपेक्षा वेगळी’ असा शेरा दिसला की रुग्ण आणि नातेवाईक घाबरतात. हा आजार नाही. हा जन्मतः असलेला फरक आहे आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही.

नेहमीची रचना

यकृतात तयार झालेले पित्त उजव्या व डाव्या नलिकेतून बाहेर येते. या दोन्हींची मिळून एक मुख्य नलिका बनते. पित्ताशयाची नलिका तिला जाऊन मिळते आणि पुढे पित्त लहान आतड्यात उतरते. यकृताच्या नलिकांची ही रचना साधारण ६० टक्के लोकांमध्येच हुबेहूब आढळते.

आढळणारे फरक

• उजव्या भागातील मागची नलिका डाव्या नलिकेला मिळते.
• तीन नलिका एकाच ठिकाणी एकत्र येतात.
• पित्ताशयाची नलिका मुख्य नलिकेला बरीच खाली मिळते.
• उजवीकडची एखादी नलिका खाली येऊन पित्ताशयाच्या नलिकेजवळ किंवा तिच्यातच उघडते.

याचे महत्त्व केव्हा?

खड्यांमुळे पित्ताशय काढताना त्याची नलिका क्लिप लावून कापतात. शेवटच्या प्रकारात यकृताची नलिका चुकून कापली जाऊ शकते. सूज जास्त असेल तर धोका वाढतो. दुर्बिणीच्या हजार शस्त्रक्रियांत साधारण ३ ते ५ वेळा पित्तनलिकेला इजा होते. मग पित्त पोटात गळते किंवा कावीळ होते आणि पुन्हा उपचार करावे लागतात.

म्हणून काहीही कापण्याआधी सर्जन प्रत्येक भाग नीट मोकळा करून ओळखतात. शंका आल्यास नलिकेत औषध सोडून एक्स-रे काढतात, पोट उघडून शस्त्रक्रिया करतात किंवा पित्ताशयाचा थोडा भाग ठेवतात. हे अपयश नसून तुमच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो.

यकृतदात्याच्या नलिकांचा नकाशाही याच कारणाने आधी तपासतात.

तुम्ही काय करावे?

सोनोग्राफीत या बारीक नलिका नीट दिसत नाहीत. पण एमआरसीपी प्रत्येकाला लागत नाही. तुम्हाला गरज आहे का, हे सर्जनना विचारा. जुने रिपोर्ट सोबत न्या.

शस्त्रक्रियेनंतर पोटदुखी वाढणे, ताप, पोट फुगणे, सतत उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा जखमेतून हिरवट-पिवळे पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नका.