कुठवर आलात?

आज आम्ही रस्त्याबद्दल बोलणार आहोत. खड्ड्यांबद्दल नाही, त्यावर ग्रामसभेत बोलून आपला घसा बसलाय. आज बोलायचंय गाडी चालवणाऱ्याच्या ध्यानाबद्दल, आणि त्या ध्यानाच्या आड आपण बायका कुठे येतो त्याबद्दल.

आमच्या गटात एक ताई आहे. मागच्या उसाच्या हंगामात तिचे मालक तालुक्याहून मोटरसायकलवर घरी येत होते. दिवस मावळलेला. भाकरी टाकायच्या आधी हिने फोन लावला, "कुठवर आलात?" त्यांनी मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला आणि म्हणाले, "आलोच, फाट्यावर आहे." पुढे ही नुसतीच हॅलो हॅलो करत राहिली. फाट्याच्या पुढे टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रेडियम. माणूस वाचला, पण मांडीत रॉड आहे, चालायला अजून काठी लागते. ताई सहा महिने बैठकीत फारसं बोलली नाही. मग एकदा हप्ते गोळा करताना एकदम म्हणाली, "फोन मीच केला होता गं."

दोष तुझा नाही, असं आम्ही तिला सांगितलं आणि ते खरंच आहे. ट्रॉली अंधारात तशीच सोडणाऱ्याचा दोष होता, चालत्या गाडीवर फोन उचलणाऱ्याचाही होता. तरी आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण संध्याकाळी तो फोन आम्ही सगळ्याच करतो.

आता हिशोब बघा. मोटरसायकल ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर एका सेकंदात ती 16-17 मीटर जाते. फोन वाजला, कुणाचा आहे म्हणून खाली बघितलं, दोन सेकंद गेले. म्हणजे 33 मीटर. आपली साडी साडेपाच मीटरची. सहा साड्या टोकाला टोक जोडून रस्त्यावर पसरा, तेवढं अंतर माणूस न बघता गेला. समोरचं दिसल्यावर ब्रेकवर पाय पडेपर्यंत आणखी एखादा सेकंद जातो, म्हणजे अजून तीन साड्या. नऊ साड्या संपल्या तेव्हा कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते. गाडी थांबते त्याच्याही पुढे.

पुरुषमंडळी म्हणतात, "मी बोलत होतो, पण डोळे रस्त्यावरच होते." खोटं नाही ते. पण आपण दुधाच्या पातेल्यासमोर उभं राहून माहेरच्यांशी फोनवर बोलत असतो, तेव्हा दूध डोळ्यांदेखत उतू जातं की नाही? डोळे तिथेच असतात, मन माहेरी असतं. म्हणून कानात इअरफोन घातला तरी धोका जात नाही. हात मोकळे होतात एवढंच, मन अडकलेलंच राहतं.

मग मागे बसलेल्या बाईशी बोललं तर? त्यात फरक आहे. मागे बसलेलीला वळण दिसतं, समोरून येणारी एसटी दिसते, ती आपोआप गप्प होते. उलट "अहो, म्हैस आडवी आली" असं सांगतेसुद्धा. घरून फोन करणारीला यातलं काही दिसत नाही. ती विचारतच राहते, आणि उत्तर द्यायच्या नादात तो वळणावर येतो.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं. माणूस निघताना त्यानेच फोन करायचा, आणायचं-सवरायचं काय ते तेव्हाच सांगायचं. मध्ये आपण लावायचा नाही. अगदीच गरज पडली, तर त्याने उचलल्याबरोबर पहिला प्रश्न, "गाडी थांबवली का?" नाही म्हणाला तर आपणच ठेवून द्यायचा. सुरुवातीला जड जातं, जीव वरखाली होतो. एकीच्या सासूबाई तर म्हणाल्या, "काळजी नाही का राहिली तुम्हाला?" त्यांना समजावायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

दुसरं काम ट्रॉलीचं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले नाहीत. रेडियमच्या पट्ट्या लुटल्या. लाल पट्टी गाडीच्या मागे, पांढरी पुढे, पिवळी बाजूला. घरी ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आहे तिने आपल्या हाताने चिकटवायची, आधी धूळ पुसून, नाहीतर आठवड्यात निघते. काही ड्रायव्हर हसले. पण ट्रॉली बंद पडली की चाकाला लावलेले दगड नंतर उचलून बाजूला टाका, एवढं मात्र ऐकायला लागलेत. टेपचा आवाज काही अजून कमी झालेला नाही. मागच्याचा हॉर्न ऐकूच जात नाही त्यांना.

आपल्या देशात 2022 या एका वर्षात 1 लाख 68 हजारांवर माणसं रस्त्यावर गेली. त्यात दुचाकीवरची सर्वांत जास्त. तेव्हा मागे बसताना पदर आणि ओढणी नीट खोचा. मागच्या चाकाची जाळी पोरं दिसायला बरं म्हणून काढून टाकतात, ती परत बसवून घ्या. कपडा चाकात जाऊ नये म्हणूनच ती असते. हेल्मेट मागच्यालाही कायद्याने लागतं. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हाती मोटरसायकलची चावी दिली, तर 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आई-बापाला किंवा गाडीच्या मालकाला होऊ शकते. पोरगा हट्ट करतो तेव्हा हे त्याच्या बापालाही ऐकवा.

अपघात दिसला तर 108 ला फोन लावा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

त्या ताईचे मालक आता पुन्हा गाडीवर बसू लागलेत. फाट्यावरच्या पानटपरीशी थांबतात, काठी टेकून खाली उतरतात आणि स्वतःच फोन करतात, "काय आणायचं का?" ताई बहुतेक वेळा काहीतरी आणायला सांगतेच.