जांघेपासून जमिनीपर्यंत

मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांना ती गाडी आता ओळखीची झाली आहे. दोन चाकं, पांढरे पाइप, काळ्या फोमच्या दोन कड्या आणि हे सगळं ओढत पुढच्या दोन पायांवर पळणारा तांबूस गावठी कुत्रा. लोक थांबतात, फोटो काढतात. "बाहेरून मागवली का हो?" हा प्रश्न हमखास येतो. गाडी जळगावातच, एका प्लंबरच्या ओट्यावर तयार झाली आहे हे सांगितलं तर पटकन कुणाला खरं वाटत नाही.

वास्तविक ती इथे बनली नसती तरच नवल. जैन इरिगेशनचं हे गाव. पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, कपलर हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ असतात. लिंकन पार्क्स या अमेरिकन पशुवैद्याने १९६१ मध्ये कुत्र्यांसाठी अशा गाड्या बनवायचा उद्योग सुरू केला, आणि आज अॅल्युमिनियमच्या घडीच्या गाड्या घरपोच मागवता येतात. त्या चांगल्या असतात, पण महाग पडतात. शिवाय त्या ठरावीक आकारांत येतात. गाडीसाठी आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने आधी अशी गाडी मागवली होती. ती बहुधा एखाद्या भरदार विलायती कुत्र्याच्या अंगाची असावी. यांचा कुत्रा पडला गावठी, कमरेला अरुंद आणि पायाने उंच. गाडीत घातला की तो एका बाजूला कलायचा. आठवडाभरात त्याची मांडी सोलवटली आणि गाडी माळ्यावर गेली.

म्हणून आमचा प्लंबरदादा पाइपला हात लावण्याआधी टेप हातात घेतो. अजिंठा चौफुलीजवळ वाहनाखाली आलेला तो तांबूस कुत्रा पहिल्यांदा त्याच्यापुढे आणला तेव्हा दादा म्हणाला, "भो, आधी याला उभा तर करा." मागच्या पायांत जीव नसलेला कुत्रा उभा करायचा म्हणजे पोटाखालून टॉवेल घालून एकाने तोलून धरायचा. दुसऱ्याने पुढे बसून पोळीचे तुकडे द्यायचे. मग तिसऱ्याने माप घ्यायचं. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची हे पहिलं माप. पाय ताणून नव्हे, कुत्रा उभा राहताना गुडघा जसा वाकतो तसा वाकवून. मग कमरेची रुंदी, आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा. मग पुढच्या पायाच्या कोपरामागून मांडीपर्यंतची लांबी. यातलं पहिलं माप चुकलं की सगळं चुकतं. गाडी उंच झाली तर भार पुढच्या खांद्यांवर येतो. आधीच चार पायांचं काम दोन पायांवर आलेलं, त्यात ही भर. बुटकी झाली तर मागचे पंजे फरफटतात.

पाइप कापून झाले तरी दादा लगेच सोल्यूशन लावत नाही. सांधे कोरडेच बसवून कुत्र्याला आत घालतो आणि खांद्याजवळचा पट्टा एका बोटाने उचलून बघतो. बोटावर भार आला नाही तर आस बरोबर नितंबाखाली आहे. जड लागलं तर चाकं पुढे घ्यायची, पट्टा आपोआप वर उचलला गेला तर मागे. ही परीक्षा त्याला कुणी शिकवलेली नाही. मांडीच्या कड्यांना तो एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी वापरतो. ती मऊ असते, पाणी धरत नाही आणि धुता येते. शेपूट आणि शी-शूची जागा मोकळी राहील अशा बेताने दोन कड्यांमधला पट्टा बसवायचा, आणि नर असेल तर आणखी जपून.

फोटोत दिसते ती एवढीच गोष्ट. उरलेला दिवस फोटोत येत नाही.

गाडीत कुत्र्याला बसता किंवा आडवं होता येत नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, पुढे हळूहळू वाढवायची. बाकी सगळा वेळ तो जमिनीवर असतो आणि तिथेच खरी सेवा आहे. कण्याला मार बसलेल्या अनेक कुत्र्यांना स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय हाताने रिकामं करावं लागतं. तांबूस कुत्र्याच्या घरची मावशी हे ज्या शांतपणाने करते ते पाहण्यासारखं आहे. कुत्र्याला कुशीवर घेऊन दोन्ही तळवे मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन बाजूंना ठेवते. बोटांना पाणी भरलेल्या फुग्यासारखं काही लागलं की हळूच, सलग दाब. धार सुरू झाली की हात तसाच ठेवायचा, मध्ये सोडायचा नाही. हे तंत्र डॉक्टरांकडून समोर बसूनच शिकावं. लघवी साचून राहिली तर संसर्ग होतो, आणि अपघातातून वाचलेली कितीतरी जनावरं पुढे या संसर्गानेच जातात.

दुसरं म्हणजे काटे. मेहरूणच्या बोरांची गोडी सगळ्या खानदेशाला ठाऊक आहे, पण बोरीखालची जमीन काट्यांनी भरलेली असते. धडधाकट कुत्रा काटा बोचला की लंगडतो, पाय चाटतो. ज्याच्या पायात संवेदनाच नाही त्याला पंज्यात काटा मोडला तरी कळत नाही. पंजा पिकतो, तेव्हा वासावरून आपल्याला कळतं. म्हणून हिवाळ्यात मावशी रोज संध्याकाळी मागचे दोन्ही पंजे कोमट पाण्यात धुऊन, बोटांच्या बेचक्यात बॅटरी मारून बघते.

मांजरांचा किस्सा वेगळा. मांजर दुखणं लपवतं. तिसऱ्या मजल्यावरून पडलेली एक मांजरी दोन दिवस कपाटामागे गप्प बसून होती. घरच्यांना वाटलं, घाबरली आहे. कमरेचं हाड मोडलेलं होतं. त्या दोन दिवसांत कुणीतरी सांगितलं म्हणून तिला माणसाची तापाची गोळी द्यायची घरात तयारी झाली होती आणि शेजारच्या मुलीने ती अडवली म्हणून मांजरी वाचली. हे ठळक करून सांगावंसं वाटतं: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला दिलेलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पोटात व्रण करतं, मूत्रपिंडं निकामी करतं. घरातली वेदनाशामक गोळी जनावराला द्यायचीच नाही.

तिला सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती सांगितली होती आणि मधून मधून तपासणीला न्यायचं होतं. आधी ती पोत्यात घालून आणली गेली होती, त्यामुळे पोतं दिसलं की ओरडायची. प्लंबरदादाने यावर जळगावी तोड काढली. केळीच्या वखारीतले प्लास्टिकचे दोन क्रेट एकावर दुसरा पालथा घालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळले. चारही बाजूंनी हवा, आणि झाकण वरून उघडणारं, म्हणजे दुखऱ्या मांजराला ओढून काढायला नको. क्रेट घरात आठ दिवस उघडाच ठेवला. आत तिच्याच अंथरुणाचा तुकडा टाकला आणि खाणंही तिथेच दिलं. जायच्या दिवशी मांजरी आधीपासून आतच बसलेली होती. वरून जुन्या लुगड्याचा पदर टाकला, क्रेट रिक्षात दोन पायांमध्ये घट्ट धरला आणि दवाखाना येईपर्यंत ती एकदाही ओरडली नाही. एक जपायचं: असे क्रेट धुवायला फिनेल किंवा डेटॉल नको. मांजर अंग चाटतं, आणि ही औषधं त्याला विषारी ठरतात. साबण आणि कडक ऊन पुरे.

लांबच्या प्रवासात मात्र जळगावकर अडतो. अवघड उपचारांसाठी मुंबई गाठावी लागते. तिथे महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, खर्च १६५ कोटी रुपये. त्यामागची गोष्ट रतन टाटांनी स्वतः सांगितली होती. आपल्या कुत्र्याचा सांधा बदलून घ्यायला ते त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांना सांधा एका स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. टाटांसारख्या माणसालाही जनावराच्या सांध्यासाठी समुद्र ओलांडावा लागला आणि तरी वेळ निघून गेली, हे वाचलं तेव्हा आपल्याकडची घरं आठवली. कुत्रा उठताना कण्हतो, जिना टाळतो, आणि घरातले म्हणतात, "म्हातारा झाला." महिने असेच जातात.

मेहरूणमधलाच एक म्हातारा लॅब्राडोर असाच उशिरा मुंबईला निघाला. रेल्वेने ते अंतर सुमारे ४२० किलोमीटर. घरच्यांनी थर्ड एसीची तिकिटं काढून ठेवली होती. रेल्वेच्या नियमाने कुत्रा थर्ड एसीत, सेकंड एसीत, स्लीपरमध्ये चालत नाही. फर्स्ट एसीतला दोन किंवा चार बर्थचा अख्खा कप्पा आपल्या नावावर असेल तरच तो सोबत नेता येतो. नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. ज्याला धड उठता येत नाही अशा चाळीस किलोच्या कुत्र्याला मेच्या रात्री त्या पेटीत ठेवायचं कुणाच्या मनाला येईल? तिकिटं बदलली, कप्प्यासाठी अर्ज दिला, पशुवैद्याचा दाखला आणि लसीकरणाचं पुस्तक घेऊन पार्सल ऑफिसला बुकिंग केलं. आणि गाडी धरली भुसावळहून. जळगावला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, भुसावळला जरा उसंत मिळते. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी ती उसंत मोलाची. गोधडीची झोळी करून चौघांनी त्याला आत घेतलं. एक हात छातीखाली आणि एक नितंबाखाली, कारण पोटाखालून उचललं तर सगळा ताण कण्यावर येतो.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम फारसे कुणी वाचत नाही. त्यांत कुत्र्या-मांजरांना उन्हाळ्यात दर ४ तासांनी आणि हिवाळ्यात दर ६ तासांनी पाणी द्यावं, निघण्याच्या किमान दोन तास आधी खाऊ-पिऊ घालावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा ४ तासही जास्त होतात. मोटारीने धुळे-नाशिकमार्गे जाणाऱ्यांना आम्ही पहाटे निघायला सांगतो. दर दोन तासांनी थांबायचं आणि डांबरावर उतरवण्याआधी आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघायचा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यालाही सोसणार नाही.

लॅब्राडोरची तपासणी झाली. शस्त्रक्रियेचं वय राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी वेदनेचं औषध दिलं, घरभर पाय घसरणार नाही अशी सोय करायला सांगितली आणि वजन आठ किलोंनी उतरवायला लावलं. पहिली सोय जळगावच्या चटयांनी झाली. टाइल्सवर चटई स्वतःच सरकते म्हणून तिच्याखाली रबराचे तुकडे चिकटवले. वजनाचं अवघड होतं. घरातली आजी त्याला रोज वरण-बट्टी घालायची, तुपात बुडवून, स्वतःच्या ताटातली. नातवाने तिला एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला, झिजलेला सांधा कुठला ते बोटाने दाखवलं. आजीने बट्टी बंद केली. आता ती जेवताना शेजारी काकडीच्या फोडी घेऊन बसते, आणि कुत्रा त्याही तेवढ्याच आवडीने खातो. दोन किलो उतरले आहेत, सहा बाकी आहेत.