वांगणीची भूक आणि शहरातले डाएट

सध्या आमच्या समाजात डाएटची साथ आली आहे. बँकेतला साहेब, मंत्रालयातला कारकून, जिल्हा परिषदेचा मास्तर, जो तो पोटावरून हात फिरवत दुसऱ्याला विचारतो, तुम्ही काय सोडले? कोणी भात सोडला, कोणी रात्रीचे जेवण सोडले, कोणी पहाटे उठून मेथीचे पाणी पितो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभा राहिलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला 'दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवा' हा आहार तर घराघरांत पोहोचला. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. त्याला पैसा लागत नाही, ही तर त्याची मोठीच जमेची बाजू. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. माणूस घाबरून स्वतःच्या ताटाकडे पाहू लागला असेल तर चांगलेच आहे.

परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. वजनकाट्यावर उभे राहून आखलेले हे डाएट आमच्या देहाला पुरे पडेल काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाचकांना आम्ही वांगणीला नेणार आहोत. बदलापूरच्या पुढचे रेल्वेचे वांगणी नव्हे. जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी.

1992-93 साली, जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते तेव्हा, याच वावर-वांगणीत आदिवासींची बालके कुपोषणाने पटापट दगावली आणि महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले अन्नावाचून मरतात, हे मुंबईकरांना वर्तमानपत्रातून कळले. मंत्र्यांच्या गाड्या धुरळा उडवत आल्या. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरही, 2016 साली, मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा बातमीत आले. मेलेल्या मुलांची निदान मोजदाद झाली, आकड्यांवरून भांडणे झाली. पण जी मुले वाचली, त्यांचे काय? ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर आहे, कोणी नालासोपाऱ्यात वॉचमन आहे, कोणी आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागला आहे. मधुमेहाचा प्रश्न त्यांच्याच दारात उभा आहे, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. उपाशी माणसाला कसला आला साखरेचा आजार? तो तर श्रीमंतांचा रोग!

हा समज खोटा ठरवणारे काम पुण्यात झाले. वांगणी गाजत होते त्याच सुमारास, 1993 साली, केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद करून त्यांच्या गरोदरपणाचा आणि मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आमची बाळे लहान, हाडकुळी. मात्र कातडीखालची चरबी मोजली तेव्हा ती त्या मानाने कमी नव्हती. बाळ रोडके, पण आतून चरबीचे! आईच्या पोटातच अन्न तुटपुंजे मिळाले की देह काटकसर करतो. तो मेंदू वाचवतो, चरबी राखतो, आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाढीला कात्री लावतो. रक्तातली साखर खर्च करणारे स्नायूच, आणि ती आवरणारे इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात. म्हणजे ज्या दोन अवयवांवर पुढच्या आयुष्याची मदार, तेच कमी भांडवलावर सुरू होतात. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीला तपासणी केली तेव्हा त्यांच्याही रक्तात साखर जास्त आढळली.

असा देह कमी अन्नावर जन्मभर राहिला तर कदाचित निभावून नेईल. तो शहरात आला, खुर्चीवर बसला, वडापाव आणि पॉलिशच्या तांदळावर पोसला गेला, की घोटाळा होतो. ही केवळ आदिवासींची गोष्ट नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढले आणि ज्यांची पहिलीच पिढी पगारावर आली, त्या सगळ्यांची आहे.

म्हणून वजनाचा काटा आम्हाला फसवतो. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! तेव्हा 'मी तर बारीक आहे, मला कशाला डाएट' असे म्हणणाऱ्याने आधी कमरेला टेप लावावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर हातपाय काटकुळे असूनही धोका आहे. चेन्नईत उंबरठ्यावरच्या माणसांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2006 साली आले. खाण्यात बदल आणि नियमित चालणे एवढ्यावर मधुमेहाचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटले, आणि वजन फारसे उतरले नसतानाही घटले. अमेरिकेत 2002 साली असाच प्रयोग 58 टक्क्यांपर्यंत गेला होता. तिथे वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्याचे लक्ष्य होते. महिनाभरात काटा हलला नाही म्हणून डाएट सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सुरुवात कुठून करावी? आम्ही म्हणू, चहापासून. चळवळीतला कार्यकर्ता चहावर जगतो. बैठक असो, मोर्चा असो, कोणाच्या घरी सांत्वनाला जाणे असो, कप पुढे येतोच. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला सुमारे 50 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगते ती इथेच संपली, बिस्किट अजून उचललेलेही नाही. दुसरे, ताट. अर्धे ताट भाजीचे, पाव भाग डाळ, अंडे किंवा मासळीचा, उरलेला पाव भाग भात किंवा भाकरीचा. आज आमच्या ताटात भाताचा डोंगर आणि कडेला आमटी असते. जव्हारच्या माणसाला यासाठी आहारतज्ज्ञाची फी भरायची गरज नाही. नागली, वरई, उडीद, पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, कंटोळी हे त्याच्याच डोंगरावरचे. ज्या नागलीला गरिबाचे धान्य म्हणून नाके मुरडली, ती संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष पाळल्यावर 'रागी' होऊन मॉलमध्ये बसली. मात्र नागली म्हणजे औषधही नव्हे. पाच भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

कोसलनरेश पसेनदी याची कथा संयुत्त निकायात आहे. दोणभर भात खाऊन तो धापा टाकत बुद्धांकडे आला. प्रमाणात जेवण्याचा त्यांचा उपदेश राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी त्याला शंभर कार्षापण लावून दिले. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला. एका दिवसात नव्हे, हळूहळू. खुद्द बाबासाहेबांचा देह मधुमेहाने पोखरला होता. वयाच्या 65 व्या वर्षी आम्ही त्यांना गमावले. या रोगाची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको.

एक इशारा दिलाच पाहिजे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण वगळू नये, साखर एकदम उतरून जीवावर बेतते. आणि गरोदर बाईने तर वजन घटवण्याचे कोणतेही डाएट करू नये. ती उपाशी राहिली की वांगणी पुन्हा घडते, फक्त तिचा परिणाम चाळीस वर्षांनी दिसतो. पुण्याच्याच अभ्यासात ज्या मातांच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहा वर्षांची असतानाच इन्सुलिनला दाद देईनाशी झाल्याचे दिसले. हे बी-12 मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. आणि राज्यकर्ते काय करतात? 2015 पासून बैलाच्या मांसावर बंदी आहे. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा सरकारी निधी 2025 च्या जानेवारीत काढून घेतला. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 साली सुरू झाली, ती योग्यच आहे. त्या ताटात रोज काय पडते, हे अंगणवाडीत जाऊन पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. मधुमेह रोखण्याचे पहिले डाएट त्याच ताटात आहे.

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आमच्या शाखांनी जव्हार-मोखाड्यात अशी शिबिरे भरवायची ठरवली तर ती पावसाच्या तोंडावर भरवावीत. दिवाळीनंतर निम्मे गाव वीटभट्टीवर गेलेले असते.