हातीं घडविलेला कमठा

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपणांपैकीं पुष्कळांनीं धनुष्य पाहिलें असेल तें चित्रांत, नाहींतर जत्रेंतील खेळण्यांत. परंतु बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत व गोरेगांवच्या आरे वसाहतींत आजहि वारली लोकांचे पाडे आहेत, आणि त्यांच्या वाडवडिलांच्या हातीं तीरकमठा हें ओळखीचें साधन होतें. वारली चित्रांतहि धनुर्धारी शिकारी आढळतो. राष्ट्रीय उद्यानांत शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, व ती योग्यच आहे. पण शिकारीबरोबर कमठा घडविण्याची विद्याहि लोपावी, हें बरें नव्हे. म्हणून ती येथें थोडक्यांत सांगतों.

सह्याद्रीच्या रानांत धामण नांवाचा वृक्ष होतो. त्याचें लांकूड चिवट व लवचीक असल्यामुळें कावडी, कुऱ्हाडीचे दांडे व धनुष्यें त्याचीं करीत. भिल्ल लोक बांबूचा कमठा करतात. त्याची दोरीहि पुष्कळदां बांबूचीच असते. उद्यानांतील फांदी तोडणें हा गुन्हा आहे. तेव्हां नवशिक्यानें वखारींतून जाड भिंतीचा, चांगला वाळलेला बांबू विकत आणावा.

त्याची चार फूट लांबीची सरळ चीप फाडून काढावी. मध्यें ती दीड इंच रुंद ठेवून टोकांकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळती करावी, व दोन्ही टोकांस दोरीसाठीं खांचा पाडाव्या. कमठा ओढला म्हणजे त्याची पाठ, अर्थात् नेमाकडील बाजू, ताणली जाते व आपल्याकडील पोट दाबलें जातें. बांबूचे बळकट तंतु सालीलगत दाट असतात. म्हणून साल पाठीकडेच ठेवावी व तिला पातें लावूं नये. सारी तासणी पोटाकडून करावी.

आतां खरें काम येतें. सैल दोरी बांधून एकानें ती थोडीथोडी ओढावी व दुसऱ्यानें दूर उभें राहून वांक पाहावा. दोन्ही बाजू सारख्या वांकल्या पाहिजेत. जो भाग ताठ राहील तेवढाच विळ्यानें किंवा कांचेच्या तुकड्यानें हलकेच खरवडावा. जो अधिक वांकतो त्यास हातहि लावूं नये. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, परंतु जाडी निम्मी केली तर तो आठवा हिस्साच उरतो. जाडींतील दहावा हिस्सा गेला तरी ताठपणा चौथाईहून अधिक घटतो. यास्तव चार वेळां खरवडावें व दहा वेळां पाहावें.

माझा पहिला कमठा या अज्ञानानेंच मोडला. एक बाजू ताठ दिसली म्हणून मीं उतावीळपणें एकाच जागीं विळा चालविला. पुढच्याच ओढीस कडकन् आवाज झाला व तीन दिवसांची मेहनत दोन तुकडे होऊन हातीं आली. तुकडे पाहतां कारण उमगलें. बाकीचा कमठा ताठच राहिला होता, त्यानें वांकण्याचा आपला वांटा उचलला नव्हता. म्हणून सारा भार त्या एका पातळ जागेवर पडला होता.

आंखूड कमठ्यास ओढहि आंखूडच हवी. चार फुटी कमठा वीस इंचांहून अधिक ओढूं नये. बाणाविना ताणलेली दोरी कधींहि सोडूं नये, कारण बाणास मिळावयाचा जोर मग लांकडावरच आदळतो. काम संपतांच दोरी उतरून ठेवावी. नेम धरावा तो गवताच्या पेंढीवर. माणसाकडे वा प्राण्याकडे बाण कधींहि रोखूं नये.

दुसरा कमठा करावयास मला तीन आठवडे लागले. तो अद्याप शाबूत आहे.