दफ्तरातला माळढोक

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याला लागून वीसेक किलोमीटर अंतर काटले की नान्नज गाव येते, आणि गावाबाहेरचा माळ पाहून नवख्या प्रवाशाची प्रथमदर्शनी निराशाच होते. कारण तेथे ना डोंगर, ना नदी, ना ज्याला आपण अरण्य म्हणतो त्याची घनदाट छाया. मुरमाड जमीन, तिच्यावर पावसाळ्यात वाढून पुढे पिवळे पडणारे कुसळी-पवन्याचे गवत, मधूनच एखादे बोरीचे खुरटे झुडूप आणि पलीकडे शाळूची शेते, एवढाच काय तो देखावा. महसुली दफ्तराने असल्या जमिनीची बोळवण पिढ्यान्‌पिढ्या ‘पडीक’ या एका शब्दात केली आहे. परंतु आपल्या मुलखात पक्षिशास्त्र कसे जन्मले आणि कसे वाढले याचा माग जो काढू पाहील, त्याला हा पडीक माळ आणि ते दफ्तर या दोहोंमध्येच येरझारा घालाव्या लागतात. कारण येथील पक्ष्यांचे पहिले अभ्यासक हे बहुतेक सरकारी अंमलदार होते, आणि त्यांनी पक्षी मोजले ते जमीन, पिके आणि वस्ती मोजता मोजता.

पेशवाई बुडाली तेव्हा कंपनी सरकारच्या हाती मुलूख आला, पण त्याची माहिती आली नाही. ती गोळा करण्याकरिता १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. दख्खनची लोकसंख्या, पिके, मजुरीचे दर, वजने-मापे असल्या रुक्ष गोष्टींच्या चौकशीसाठी हिंडणाऱ्या या गृहस्थाने वाटेतली पाखरेही सोडली नाहीत, आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांपुढे ठेवली. शास्त्राला तोवर अज्ञात असलेल्या अनेक जाती तिच्यात होत्या. त्यांपैकी एक म्हणजे आपल्या माळावरचा तांबूस तुरेवाला चंडोल. मातीच्या रंगाच्या या चिमुकल्या जिवाला साइक्सने शास्त्रीय नाव देताना ‘देवा’ हा शब्द योजला. जनगणनेच्या तक्त्यांत गढलेल्या माणसाला हे सुचावे याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

माळढोकाचे शास्त्रीय बारसे त्याच्या आदल्याच वर्षी, १८३१ साली, व्हिगर्स या पंडिताने केले होते. त्यातील ‘नायग्रिसेप्स’ या पदाचा अर्थ काळ्या डोक्याचा. उभा राहिला तर मीटरभर उंच भरणारा, नर असल्यास पंधरा किलोपर्यंत वजनाचा, आणि एवढा देह घेऊनही उडणारा हा पक्षी विद्वानांच्या आधी बंदूकवाल्यांना माहीत होता. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्याने अहमदनगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या काळचे शास्त्रही बंदुकीच्या नळीतूनच पाहत असे. पक्षी पाडावा, कातडे सोलून त्यात कापूस भरावा, चोच आणि पंख मापावेत, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावे, हीच अभ्यासाची सर्वमान्य रीत होती.

या रीतीचा मेरुमणी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रसभेचा संस्थापक म्हणून आपण त्याला ओळखतो, पण तत्पूर्वी तो हिंदुस्थान सरकारच्या महसूल व शेतकी खात्याचा सचिव होता, आणि त्याच सुमारास त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक चालवले. त्यातच १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्षिजगताविषयीचा आपला लेख छापला. डेव्हिडसन हा मुलकी नोकरीतला माणूस. म्हणजे येथेही पक्ष्यांची फेरी आणि दौऱ्याची फेरी एकच. ह्यूमने जमवलेले हस्तलिखित पुढे नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकले. पंचवीस वर्षांचे टिपण अशा रीतीने पुड्या बांधण्याच्या कामी आल्यावर त्याचे मन या विषयावरून उडाले, आणि १८८५ मध्ये त्याने आपला ऐंशी हजारांवर नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ साली, मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली होती. तिच्याच छायेत सालिम अली वाढले. जर्मनीत बर्लिनच्या संग्रहालयात शिकून ते परतले, तेव्हा हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, आणि तिने पसंत केले तरच तो ते पुरे करून दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हे कातड्यांनी भरलेल्या पेटीतून कधीही कळले नसते. मागवाल्यांच्या सोलापुरात ही हकिकत सांगितली, तर माल पसंत पडेपर्यंत विणकराचा जीव कसा टांगणीला लागतो हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

नान्नजचा माळ या शास्त्राच्या नकाशावर आला तो जिवंत पक्षी न्याहाळण्याच्या या दुसऱ्या रीतीमुळे. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण भागासाठीच्या सरकारी योजनेत येथे काही जमिनी चराईला बंद करण्यात आल्या. गवत वाढले, गवतावर टोळ-नाकतोडे वाढले, आणि त्यांच्यामागे माळढोक आले. सोलापूरचे निरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांची वार्ता जाणकारांपर्यंत पोहोचवली. १९८०च्या दशकात असद रहमानी आणि सोसायटीचे त्यांचे सहकारी येथे मुक्काम ठोकून बसले. पावसाळ्यात उंचवट्यावर उभा राहून नर गळ्याची पिशवी फुगवतो, ती पांढरी झोळी पायांपर्यंत लोंबते, आणि खोल, घुमणारा हुंकार अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. पक्ष्याचे ‘हूम’ हे दुसरे मराठी नाव याच हुंकाराचे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि गुराढोरांच्या खुरांखाली ते गेले तर ते वर्षच वाया गेले.

दरम्यान पुन्हा दफ्तर आले होते. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर एवढे विशाल क्षेत्र पक्ष्याच्या वाट्याला क्वचितच आले असेल. परंतु त्यात कुरणे थोडी आणि गावे, उसाचे फड, रस्ते, खातेदारांच्या जमिनी यांचीच भरती फार. जमिनीचा व्यवहार करायला निघालेल्या शेतकऱ्याला हा पक्षी डोळ्यांपुढे कधी आला नाही, तो आडवा आला. अखेर हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर ठेवण्यात आले. माझ्या मते पक्ष्याचे अहित शेतकऱ्याने केले त्याहून अधिक ‘पडीक’ या शब्दाने केले. कारण पडीक म्हणून तेथे झाडे लावली गेली, पडीक म्हणून विजेच्या तारा ओढल्या गेल्या, आणि समोरचे फारसे न दिसणारा हा जड पक्षी तारेवर आदळून मरतो.

याच सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करीत वेगळेच दफ्तर भरले. घरची भाषा तेलुगू, लेखन मराठी, आणि पाखरांची नावे शोधण्यासाठी संस्कृत ग्रंथांपासून रानातल्या अक्षरशून्य वाटाड्यापर्यंत सर्वांपुढे शिष्यभावाने बसण्याची तयारी. त्यातून ‘पक्षिकोश’ उभा राहिला. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५च्या जूनमध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले.

नान्नजच्या अलीकडच्या गणनांत माळढोक आढळला तर एखादा, आणि काही वर्षी तोही नाही. काळवीट मात्र आहेत, लांडगे आहेत, आणि उन्हे तापण्यापूर्वी गेल्यास साइक्सने टिपलेला तो तुरेवाला चंडोल ढेकळाच्या आडोशाला केलेल्या घरट्यावरून उठून, सरळ आकाशात चढत गात असतो.